कोलेस्टेरॉलची गोळी: जेवणाआधी, जेवणानंतर की झोपताना?

फळाखडू (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:१०

ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर एक पान लावायचं आहे: 'कोलेस्टेरॉलची गोळी आणि खाणंपिणं'. एकच पान, ठसठशीत अक्षर, चष्मा शोधावा लागू नये असं. मजकूर जमवायला घेतला तर पहिल्याच ओळीला अडलो. एका चिठ्ठीवर 'जेवणानंतर', दुसरीवर 'झोपताना', तिसरीवर नुसतंच ०-०-१. खोक्यातली घडी उलगडली तर 'अन्नासोबत किंवा अन्नाशिवाय'. भरीला व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप: 'कोलेस्टेरॉलची गोळी चालू असणाऱ्यांनी द्राक्षे खाऊ नयेत.'

तर गोळीची वेळ जेवणाशी बांधायची का? काय खाल्लं की ती बिघडते? आणि गोळी चालू आहे म्हणून तूप-खोबऱ्याला मोकळीक मिळते का? जाणकारांनी लिहावं. 'डॉक्टरांना विचारा' हे पानाच्या तळाशी छापणारच आहे, ते सोडून सांगा.

कपबशी | रविवार, रात्री ९:२२

तिसऱ्या प्रश्नासाठीच धागा काढलाय हे ओळखलं आहे. गरम भातावरच्या तुपाची शपथ.

काउंटरपलीकडे | रविवार, रात्री १०:०५

फळाखडू, 'कोलेस्टेरॉलची गोळी' नावाचं एक औषध नाही, तिथेच गोंधळ सुरू होतो. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा दोनच नावं दिसतात: अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन. सिम्व्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन अधूनमधून. जेवणाशी प्रत्येकाचं नातं वेगळं.

अ‍ॅटोर्वा जेवणासोबत घेतली तर रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे २५ टक्क्यांनी आणि एकूण शोषण सुमारे ९ टक्क्यांनी घटतं. ऐकायला मोठं वाटतं, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरण्यात फरक पडत नाही. रोसुवा जेवणासोबत घेतली तर शोषण हळू होतं, एकूण तेवढंच होतं. पिटाव्हाची सर्वोच्च पातळी चाळीसेक टक्क्यांनी घटते, एकूण शोषणात सांगण्याजोगा फरक नाही. सिम्व्हाला जेवणाने फरक पडत नाही.

जेवणाशी खरोखर बांधलेली होती ती लोव्हास्टॅटिन, या घराण्यातली सगळ्यात थोरली. रिकाम्या पोटी घेतली तर जेवणासोबतच्या मानाने जेमतेम दोन तृतीयांश शोषली जायची, म्हणून ती रात्रीच्या जेवणासोबत. गंमत म्हणजे तिचाच सावकाश विरघळणारा प्रकार निघाला तो मात्र झोपताना, जेवणाशिवाय घ्यायचा. थोरलीचा नियम धाकट्यांना चिकटला आणि तसाच राहिला.

डॉ_खोकला | रविवार, रात्री १०:४०

वरच्याला पुस्ती, 'झोपताना' कुठून आलं त्याबद्दल.

यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याचा जोर मध्यरात्री ते पहाटे जास्त असतो. स्टॅटिन (वरच्या सगळ्या गोळ्यांचं घराणं) ते बनवणाऱ्या विकराची (एन्झाइमची), एचएमजी-कोए रिडक्टेजची, वाट अडवतं. सिम्व्हाचं रक्तातलं प्रमाण दोन-तीन तासांत निम्म्यावर येतं. ती सकाळी आठला घेतली तर कारखाना जोरात चालू असताना पहारेकरी घरी गेलेला असतो. म्हणून सिम्व्हा रात्रीच.

अ‍ॅटोर्वाला निम्म्यावर यायला सुमारे १४ तास लागतात, आणि तिच्यापासून शरीरात बनणारे पदार्थही काम करतात, त्यामुळे परिणाम २० ते ३० तास टिकतो. रोसुवाला सुमारे १९ तास. या दोन्ही सकाळी घ्या, दुपारी घ्या, रोज एकाच वेळी घ्या म्हणजे झालं. अ‍ॅटोर्वा संध्याकाळी घेतल्यास रक्तातली पातळी सकाळच्या मानाने ३० टक्के कमी भरते, तरी एलडीएलमधली घट सारखीच. गोळी रक्तात किती दिसते आणि यकृतात किती काम करते हे दोन वेगळे हिशेब आहेत.

तरी आम्ही ०-०-१ लिहितो, कारण सकाळी थायरॉइड, रक्तदाब, साखर यांच्या गोळ्यांची रांग असते. एखाद्याची रात्रीची वारंवार चुकत असेल तर सकाळी हलवायला हरकत नाही, फक्त सिम्व्हा हलवू नये.

शेंगदाणा | रविवार, रात्री १०:५८

मग चिठ्ठीवर 'जेवणानंतर' का असतं? सवयीने?

काउंटरपलीकडे | रविवार, रात्री ११:२०

कधी सवयीने. पण बऱ्याचदा कारण असतं आणि ते गोळीच्या जोडीदारात असतं. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं घालायची भारी हौस. पट्टी उलटी करून बारीक अक्षरातलं वाचा.

'रोसुवास्टॅटिन + फेनोफायब्रेट' असेल तर जेवणानंतरच. फेनोफायब्रेट, म्हणजे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरवणारं औषध, स्निग्धात विरघळतं, पाण्यात नाही. १६० मिग्रॅचा प्रकार रिकाम्या पोटी घेतला तर बराचसा तसाच पुढे जातो, अन्नासोबत शोषण सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. अतिसूक्ष्म कणांचा १४५ मिग्रॅचा प्रकार मात्र केव्हाही चालतो. म्हणजे १४५ की १६० यावर सूचना बदलते आणि दोन्ही पट्ट्या लांबून सारख्याच दिसतात.

'अ‍ॅटोर्वा (किंवा रोसुवा) + अ‍ॅस्पिरिन ७५' किंवा त्यात क्लोपिडोग्रेलही (रक्ताची गुठळी रोखणारं) असलेली कॅप्सूल: जेवणानंतर, कारण अ‍ॅस्पिरिन पोटाच्या अस्तराला बोचतं. स्टॅटिनची तक्रार काहीच नसते. ही कॅप्सूल फोडून पाण्यात ढवळून देणारे लोक भेटतात. आत अ‍ॅस्पिरिनची वेष्टन असलेली छोटी गोळी असते, ते वेष्टन मोडलं की ज्यासाठी घातलं तेच वाया.

'+ एझेटिमाइब १०' असेल तर जेवणाचं बंधन नाही. ते आतड्यात कोलेस्टेरॉल शोषलं जाण्याची वाट अडवतं, नुकत्याच झालेल्या जेवणातलंच नाही तर पित्तातून उतरणारंही.

आणि कोलेस्टिरामाइनची पुडी कोणाला असेल तर ते प्रकरण पूर्ण वेगळं. ती पित्ताम्लांना चिकटते, पण शेजारून जाणाऱ्या औषधांनाही चिकटते. स्टॅटिन पुडीच्या एक तास आधी किंवा चार तासांनंतर. पूड कोरडी तोंडात टाकायची नाही, घशात बसते. पाण्यात किंवा ताकात ढवळून घ्यायची.

फळाखडू | सोमवार, सकाळी ७:१५

म्हणजे पानाची पहिली ओळ 'कधी घ्यायची' ही नसून 'पट्टी उलटी करा' ही आहे. हे कामाचं. आता द्राक्षं.

माटवीकर | सोमवार, सकाळी ९:३०

द्राक्षं खुशाल खा. नाशिकची, सांगलीची, काळी, हिरवी, बेदाण्यासकट.

मूळ इंग्रजी सूचना ग्रेपफ्रूटबद्दल आहे. ते लिंबूवर्गातलं फळ, संत्र्याच्या दीडपट, आत गुलाबी किंवा पिवळट, चवीला कडवट-आंबट. झाडावर घोसाने लागतं म्हणून नावात 'ग्रेप', द्राक्षाशी सोयरीक तेवढीच. कोणीतरी भाषांतर करताना 'फ्रूट' गाळलं आणि बागायतदारांवर बालंट आलं.

पण धागा इथे संपत नाही. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोडं संत्रं यांचं संकरित अपत्य, अठराव्या शतकात बार्बाडोसमध्ये दिसलेलं. म्हणजे त्याचा बाप आपल्या ओळखीचा. कोकणात गणपतीच्या माटवीला आणि गोव्यात माटोळीला टांगतात तेच मोठं फळ, तोरंजन म्हणा की पपनस. ग्रेपफ्रूटमधले उपद्रवी पदार्थ, फ्युरानोकुमारिन, पपनसातही असतात. सायक्लोस्पोरिन नावाच्या औषधाची रक्तातली पातळी पपनसाच्या रसाने वाढल्याचं नोंदलेलं आहे. मार्मालेडसाठी वापरतात ते कडू सेव्हिल संत्रंही याच गोतावळ्यातलं. नागपुरी संत्रं, जालन्याची मोसंबी यांना भ्यायचं कारण नाही.

रेणू_एडिसन | सोमवार, सकाळी ९:५५

इथे अमेरिकेत सकाळच्या रसांत ग्रेपफ्रूट अगदी नेहमीचं, म्हणून बाटलीवर वेगळी चिठ्ठी डकवूनच औषध देतात. भारतातून येऊन मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांनी लक्षात ठेवावं. गोळ्या तिकडून सहा महिन्यांच्या आणलेल्या असतात, त्यांवर ही चिठ्ठी नसते. आणि 'सिट्रस ब्लेंड' लिहिलेल्या डब्यात काय काय आहे ते मागे बारीक छापलेलं असतं.

डॉ_खोकला | सोमवार, दुपारी १:४०

माटवीकर, दंडवत. यंत्रणा थोडक्यात सांगतो, कारण 'गोळी रात्री घेतो, रस सकाळी पितो, मग चालेल ना?' हा प्रश्न येणारच.

आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं विकर असतं. ते नाक्यावरच्या जकातीसारखं: बाहेरून येणाऱ्या औषधाचा मोठा हिस्सा तिथेच मोडून टाकतं. फ्युरानोकुमारिन हे विकर कायमचं निकामी करतात. शरीराला नवीन बनवावं लागतं, त्याला दोन-तीन दिवस जातात. म्हणून चार-सहा तासांचं अंतर ठेवून उपयोग नाही. सिम्व्हावर हे मोजलेलं आहे. दिवसातून तीन वेळा दुप्पट दाट रस दिल्यावर औषधाची रक्तातली एकूण मात्रा दहापटीहून जास्त वाढली. रस थांबवून एक दिवस झाला तरी ती सुमारे दुप्पट होती, तीन दिवसांनी थोडीशी जास्त, आठवड्याने पूर्ववत.

सिम्व्हालाच इतका दणका का? तिचा नाक्यातून पार होणारा हिस्साच पाच टक्क्यांहून कमी असतो. शंभरातले पाच सुटत होते, जकातनाका बंद पडल्यावर पन्नास सुटले तर दहापट झाली. ज्या औषधाचे मुळातच सत्तर सुटतात, ते फार तर दीडपट होईल.

ही बाब लक्षात आली तीही अपघाताने. १९८९ मध्ये कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाबरोबर दारूचा परिणाम तपासत होते. दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची पातळी भलतीच वाढलेली निघाली. दारू निर्दोष, रस दोषी.

कपबशी | सोमवार, दुपारी १:४८

'दारू निर्दोष' एवढंच फलकावर लावा. संघाची सभासदसंख्या वाढेल.

डॉ_खोकला | सोमवार, दुपारी १:५६

त्या प्रयोगापुरती! रोज पिणाऱ्याच्या यकृताचे अहवाल मुळात बिघडलेले असतात आणि मग दोष कोणाचा, गोळीचा की ग्लासचा, हे कळत नाही. ट्रायग्लिसराइड वाढतं ते वेगळंच.

लसूणचटणी | सोमवार, दुपारी ३:२०

थोडा विरोध नोंदवते. 'ग्रेपफ्रूट टाळा' हे सरसकट सगळ्या स्टॅटिनना लावणं अतिरेकी आहे. रोसुवा, पिटाव्हा, प्रव्हास्टॅटिन यांचा या जकातनाक्याशी फारसा संबंधच नाही. अ‍ॅटोर्वाचा आहे, पण दिवसाला २४० मिलिलिटरचा एक ग्लास प्यायल्यास एकूण मात्रा ३७ टक्के वाढते. डॉक्टर १० ची २० करतात तेव्हा ती १०० टक्के वाढते. अ‍ॅटोर्वाच्या माहितीपत्रकातला इशारा दिवसाला १.२ लिटरहून जास्त रसाबद्दल आहे. तेवढा पिणारा माणूस आधी आम्लपित्ताचीच गोळी मागेल.

माटोळीतल्या पपनसाच्या चार फोडी आणि लिटरभर रस एका तागडीत घालू नका. सिम्व्हा चालू असेल तर पपनस टाळावं हे मान्य, कारण कोणत्या झाडाच्या फळात किती फ्युरानोकुमारिन हे कोणी मोजून देत नाही. रोसुवावाल्यांनी तिखटमीठ लावून खावं.

माटवीकर | सोमवार, दुपारी ३:४१

मान्य. तिखटमिठाबरोबर चिमूटभर साखरही. आणि फोडींवरची पांढरी साल नीट काढा, कडू असते.

काउंटरपलीकडे | सोमवार, रात्री ९:१५

लसूणचटणीताईंशी सहमत. आणि एक सांगतो, आपल्याकडचं खरं ग्रेपफ्रूट फळांच्या टोपलीत नाही, औषधांच्या डब्यात आहे. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक तोच जकातनाका बंद पाडतं. छातीच्या संसर्गाला देतात, पोटातल्या एच. पायलोरी जंतूच्या उपचारातही असतं. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल, जे नायट्यासाठी हल्ली कुठेही महिनोन्‌महिने खाल्लं जातं, तेही तसंच. सिम्व्हासोबत ही दोन्ही वर्ज्य, तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायचं की बदलायचं ते डॉक्टर ठरवतात. अ‍ॅटोर्वासोबत मात्रेला मर्यादा. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीबरोबर सिम्व्हा २० मिग्रॅच्या वर नाही.

दुखणं वेगळं, डॉक्टर वेगळे, म्हणून चालू गोळ्यांची यादी खिशात हवी. प्रतिजैविक घेताना काउंटरवर 'स्टॅटिन चालू आहे' एवढं बोललात तरी पुरे.

शेंगदाणा | सोमवार, रात्री ९:५०

रात्री जेवण जड झालं की वर गुलाबी जेल पिणारे बरेच असतात. त्याने काही?

काउंटरपलीकडे | सोमवार, रात्री १०:०२

उत्तम प्रश्न, हे फलकावर हवंच. जेलमध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असेल आणि रोसुवा त्याच वेळी घेतली तर रक्तातली रोसुवा जवळपास निम्मी होते. १० मिग्रॅचे पैसे, ५ चा परिणाम. आधी रोसुवा, मग किमान दोन तासांनी जेल. साडेनऊला जेवून, दहाला जेल आणि लगेच गोळी घेऊन झोपणाऱ्यांचं हेच चुकतं. त्यांना सोपा उपाय म्हणजे रोसुवा सकाळी.

वाचनमात्र | सोमवार, रात्री १०:३०

धागा वाचनखुणेत टाकला. इसबगोलाचं काय? तेही रात्रीच घेतात.

लसूणचटणी | मंगळवार, सकाळी ८:१०

इसबगोल हा दुधारी गडी.

चांगली बाजू आधी. विरघळणारा तंतू आतड्यात चिकट होतो, पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, आणि नवीन पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. रोज सुमारे १० ग्रॅम भुसा (त्यात साधारण ७ ग्रॅम विरघळणारा तंतू) घेतल्यास एलडीएल पाच ते दहा टक्के उतरतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिम्व्हा १० मिग्रॅ अधिक रोज १५ ग्रॅम इसबगोल यांनी एलडीएल जेवढं उतरवलं, तेवढंच नुसत्या सिम्व्हा २० मिग्रॅने उतरलं.

आता चूक कुठे होते ते. दहा ग्रॅम म्हणजे एक चमचा नव्हे. भुसा फुलासारखा हलका असतो, चहाचा चमचा शीग लावून भरला तरी दोन-तीन ग्रॅमच भरतो. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बघा. दुसरं म्हणजे पाणी. दर वेळी किमान एक मोठा पेला, ढवळल्या ढवळल्या प्यायचा, कारण दोन मिनिटांत खळ होते. पाणी कमी पडलं तर घशात किंवा आतड्यात बोळा बसतो. एकदम दहावर जाऊ नका, पोट फुगतं. पाचने सुरुवात करून दोन आठवड्यांत वाढवा.

आणि गोळी त्या खळीत अडकू नये म्हणून दोन तासांचं अंतर. लोव्हास्टॅटिनसोबत ओटचा कोंडा किंवा पेक्टिन (फळांतला तंतू) घेणाऱ्यांचं एलडीएल उलट वाढलेलं आढळलं होतं, तंतू बंद केल्यावर उतरलं. थायरॉइडच्या गोळीला तर हे अंतर आणखी जपायला हवं.

कपबशी | मंगळवार, सकाळी ८:२५

ओट्सचा मसालेदार पुडा रोज खाणाऱ्यांना पुण्य किती?

लसूणचटणी | मंगळवार, सकाळी ८:४४

अर्धं. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन (ओट्समधला विरघळणारा तंतू) लागतं, त्यासाठी कोरडे ओट्स ७०-८० ग्रॅम. एक पुडा साधारण चाळीसचा, त्यात मसाला आणि मीठ धरून. त्यापेक्षा राजमा, छोले, मटकी, वाल, भेंडी, वांगं यांतही विरघळणारा तंतू असतोच आणि भाकरीबरोबर जातो.

शेंगदाणा | मंगळवार, सकाळी ११:०५

थायरॉइडचा विषय निघालाच आहे तर: थायरॉइड कमी असेल तर एलडीएल आपोआप वाढतं, शिवाय स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे एलडीएल अचानक चढलं तर आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघतात. आणि थायरॉइडची गोळी बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा सकाळचा चहा. पाण्याबरोबर, अनशापोटी, नंतर अर्धा ते एक तास काही नाही, कॅल्शियम किंवा लोह चार तासांनी.

एक_आणा | मंगळवार, दुपारी १२:३०

ही गोळी मुळात खायच्या वस्तूतूनच आलीय याची आठवण करून देतो. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरशी आणि सूक्ष्मजीव तपासले. १९७३ मध्ये सापडलेलं पहिलं स्टॅटिन क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीतलं. १९७९ मध्ये त्यांनीच मोनॅस्कस या लाल बुरशीतून मोनॅकोलिन के वेगळं केलं. ते आणि लोव्हास्टॅटिन हा एकच रेणू. लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली.

म्हणून ऑनलाइन 'नैसर्गिक, दुष्परिणामरहित' म्हणून विकली जाणारी लाल तांदळाची कॅप्सूल, रेड यीस्ट राइस, ही लोव्हास्टॅटिनच आहे, फक्त मात्रा न सांगितलेली. चालू गोळीच्या जोडीला ती घेणं म्हणजे दोन स्टॅटिन एकदम. युरोपीय संघाने २०२२ मध्ये दिवसाला ३ मिग्रॅपेक्षा कमी मोनॅकोलिन अशी मर्यादा घातली. आपल्या कोकणातल्या लाल भाताचा याच्याशी संबंध नाही, त्याचा रंग कोंड्याचा असतो, बुरशीचा नाही.

माटवीकर | मंगळवार, दुपारी १२:४१

हा शेवटचा खुलासा केल्याबद्दल समस्त कोकण आपला ऋणी आहे. खोबऱ्यावर मात्र कोणी घसरू नका म्हणजे झालं.

डॉ_खोकला | मंगळवार, रात्री ८:५०

घसरावं लागणार. फळाखडूंचा तिसरा प्रश्न तोच होता.

'गोळी आहे ना, मग खाऊ दे की' यात हिशेबाची चूक आहे. अ‍ॅटोर्वा १० मिग्रॅने एलडीएल सरासरी ३९ टक्के उतरतं, २० ने ४३, ४० ने ५०, ८० ने ६०. म्हणजे सुरुवातीच्या दहा मिलिग्रॅमने मोठा पल्ला मारला, पुढे मात्रा दर खेपेला दुप्पट केल्यावर हाती लागतं सरासरी सहा-सात टक्के. दुष्परिणामांची शक्यता मात्र मात्रेसोबत वाढते. जेवणातल्या संपृक्त स्निग्धाने (सॅच्युरेटेड फॅटने) एलडीएल दहाएक टक्के वर ढकललं तर ते खाली आणायला गोळी एकदा दुप्पट करूनही भागेलच असं नाही.

खोबरेल तेलात संपृक्त स्निग्ध ऐंशी ते नव्वद टक्के, साजूक तुपात साठच्या वर, पामतेलात पन्नासच्या आसपास, शेंगदाणा तेलात वीसच्या आत, करडईत दहाच्या आत. १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये आला. त्यात सूर्यफूल-शेंगदाणा वर्गातल्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे १० मिग्रॅ प्रति डेसिलिटर जास्त भरलं.

माटवीकर | मंगळवार, रात्री ९:०५

खोबरेल तेल आणि माशाच्या आमटीतलं वाटण एकच का? तेल निव्वळ स्निग्ध आहे. ओल्या नारळात निम्मं पाणी, शिवाय तंतू. अर्ध्या वाटीचं वाटण चार माणसांत जातं. घरोघरचं वाटण बंद करून फरसाण आणि बेकरीची खारी चालू ठेवणाऱ्यांना काय म्हणावं?

डॉ_खोकला | मंगळवार, रात्री ९:३०

तुमचा मुद्दा रास्त आहे, मी तेलाबद्दलच बोललो. वाटणाचा नारळ मोजून, तळण दुसऱ्या तेलात, हे बहुतेकांना झेपतं. खारीत वनस्पती तूप असतं. ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली हे चांगलं झालं, पण ते तूप घट्ट राहायला संपृक्त स्निग्ध लागतंच. तुपाचा हिशेब सोपा: चहाचा एक सपाट चमचा, पाच ग्रॅम, त्यात तीनेक ग्रॅम संपृक्त. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला दिवसाची मर्यादा वीसेक ग्रॅम, एलडीएल जास्त असेल तर तेराच्या आसपास. वरणभातावरचा एक चमचा यात बसतो. पुरणपोळीवरची धार बसत नाही.

कपबशी | मंगळवार, रात्री ९:३४

एक चमचा मंजूर! कामकाज संपलं, सभा बरखास्त.

वाचनमात्र | बुधवार, सकाळी ७:००

उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची का? श्रावण चालू आहे.

काउंटरपलीकडे | बुधवार, सकाळी ७:४०

नुसती अ‍ॅटोर्वा किंवा रोसुवा असेल तर उपास असो नसो, पाण्याबरोबर घ्यावी. अ‍ॅस्पिरिन किंवा फेनोफायब्रेट जोडीला असेल तर फराळानंतर. साखरेच्या गोळ्यांचा नियम वेगळा, तो याला लावू नका. एखाद्या दिवशी चुकलीच तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला बारा तासांहून कमी उरले असतील तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

रक्त तपासायच्या आदल्या रात्रीही गोळी चालूच ठेवायची. ती चालू असताना आकडा किती, हेच तर बघायचं असतं. नऊ ते बारा तास फक्त पाणी. आदल्या रात्रीच्या बिर्याणीने एलडीएल फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइड मात्र उड्या मारतं. आणि अहवालातलं एलडीएल बऱ्याच ठिकाणी मोजलेलं नसतं, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढलेलं असतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते गणित चालत नाही, तेव्हा थेट मोजणी मागा. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांनी तपासा, आठ दिवसांत नको.

फळाखडू | बुधवार, संध्याकाळी ६:२०

सर्वांचे आभार. पानाचा मजकूर असा केलाय, कुठे चुकतंय ते सांगा:

'पट्टी उलटी करा, नावं वाचा. एकटी अ‍ॅटोर्वा किंवा रोसुवा: केव्हाही, पण रोज त्याच वेळी. सिम्व्हा: रात्री. सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा फेनोफायब्रेट: जेवणानंतर. रोसुवानंतर दोन तास पोटाचं जेल नको. इसबगोल आणि गोळी यांत दोन तास. सिम्व्हा असेल तर ग्रेपफ्रूट, पपनस नको. नवीन प्रतिजैविक घेताना स्टॅटिन चालू असल्याचं सांगा.'

डॉ_खोकला | बुधवार, संध्याकाळी ७:०५

एक ओळ वाढवा: 'अंग सगळीकडून दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे.' हे क्वचित होतं, पण तेव्हा वाट बघायची नसते. बाकी गुडघा आधीपासून दुखत असेल तर त्याचं खापर गोळीवर फोडू नये, हे लिहिलं नाही तरी चालेल, कोणी ऐकत नाही.

लसूणचटणी | बुधवार, संध्याकाळी ७:१८

'केव्हाही' मोठ्या अक्षरात नको. तेवढंच वाचून पुढे जातील.

फळाखडू | शुक्रवार, सकाळी १०:४५

दोन्ही सूचना घेतल्या. छपाईवाल्याकडून नमुना आला. मजकूर काना-मात्रेसकट बरोबर आहे. 'ग्रेपफ्रूट, पपनस नको' या ओळीशेजारी मात्र त्याने शोभेला चित्र टाकलंय: हिरव्या द्राक्षांचा घड, त्यावर लाल फुली. छपाई थांबवली आहे. सोललेल्या पपनसाचा फोटो कोणाकडे असेल तर टाका. पांढऱ्या गराचा हवा, गुलाबी टाकला तर उद्या कलिंगड बंद करतील.